वेग बोट उचलण्यात आहे

बेस शिकायला येणारं कुणीही असो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, "सर, स्पीड कसा वाढवायचा?" मोबाईलवर कुणाचा तरी सोलो पाहिलेला असतो. त्यात बोटं दिसेनाशी होतील इतकी पळत असतात आणि आपल्या हातून साधी स्केलसुद्धा अडखळत निघते, याची बोच असते. हा प्रश्न मी उडवून लावत नाही. ऑर्केस्ट्रात बेस वाजवून घर चालवणाऱ्याला वेगाची गरज किती खरी असते, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. नवरात्रात दांडियाचा शो घेतला की मध्यंतरापर्यंत हात खाली घेता येत नाही, आणि उत्तरार्धात लय चढत चढत अशा जागी पोहोचते की तिथे बेस सुटला तर अख्ख्या मैदानाला कळतं. गणपतीत कोळीगीतांचा मेडले असतो. 2016 मध्ये 'सैराट' आला, तेव्हापासून लग्नाच्या हॉलमधला कार्यक्रम 'झिंगाट'शिवाय संपल्याचं मला आठवत नाही. आणि हे सगळं शेवटी येतं, हात दमलेले असताना येतं.

तेव्हा उत्तर देतो, पण ते मुलांना हवं असतं तसं नसतं. पोरांना वाटतं सर बोटं पळवायचा एखादा व्यायाम देतील. मी म्हणतो, बोटं आधी वेळेवर सोडायला शिका. तारेवर बोट पडायला किती वेळ लागतो यापेक्षा ते तारेवरून सुटायला किती वेळ लागतो, यावर बेसवाल्याचा वेग ठरतो. हे वाक्य ऐकून कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून मी पट्टी आणि कॅल्क्युलेटर काढतो.

लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची लांबी 34 इंच ठेवली. आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारची तार साडेपंचवीस इंचांच्या आसपास. बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत पट्टी लावली की 13 सेंटीमीटर भरतात. बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत हेच अंतर सातच्या आत येतं. म्हणजे त्याच चार बोटांना खाली जवळजवळ दुप्पट पसरावं लागतं. आता दुसरा हिशोब. सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. मेट्रोनोम 150 वर लावून एका ठोक्यात चार नोटा वाजवल्या तर सेकंदाला दहा नोटा झाल्या. प्रत्येक नोटेच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात ई तारेची कंपनं होतात चार! चार कंपनांत कानाला धड सूरही लागत नाही, नुसती घरघर ऐकू येते. याउलट बारीक जी तारेवर बाराव्या फ्रेटला सेकंदाला 196 कंपनं असतात, तिथे तेवढ्याच वेळात वीसेक होतात आणि नोट स्वच्छ कळते. मोबाईलवरचे सगळे चपळ सोलो वरच्या फ्रेटवर, बारीक तारांवर का असतात, ते मुलांना इथे समजतं. जाकोचं 'डॉना ली' ऐकून वेड लागलेला प्रत्येक जण माझ्याकडे येतो. 1976 च्या त्या पहिल्या अल्बमवर जाको पास्टोरियसने बीबॉपची ती अवघड चाल बेसवर वाजवली, सोबतीला फक्त कोंगा. पण आपलं पोट भरतं ते खालच्या तारांवर. तिथे वेग वेगळ्या रीतीने कमवावा लागतो.

उजव्या हातापासून सुरुवात करू. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालतं, हे सगळ्यांना माहीत असतं. बोट तार छेडून पुढे जातं आणि तिच्या शेजारच्या जाड तारेवर जाऊन टेकतं. हे टेकणं महत्त्वाचं, कारण तिथे बोटाला आयता मुक्काम मिळतो, शिवाय ती जाड तार आपोआप गप्प राहते. नवशिक्याचं बोट तार छेडून हवेत उडतं, मग परत खाली येतं. या उड्डाणात सगळा वेग जातो. मी मुलांना सांगतो की बोटाच्या टोकाचं मांस तारेत जितकं कमी रुतवाल, तितकं लवकर बाहेर निघेल. आवाज कमी वाटला तर हात जड करू नका, ॲम्पचा व्हॉल्यूम वाढवा. साधी गोष्ट आहे, पण स्टेजवर ती पाळणं फार कठीण. ड्रम अंगावर येत असतात, मॉनिटरमध्ये गायकाशिवाय काही ऐकू येत नसतं आणि आपण नकळत तारा ओरबाडू लागतो. म्हणून साऊंडचेकच्या वेळी मी साऊंडवाल्याकडे एकच हट्ट धरतो, मॉनिटरमध्ये बेस हवा. मला माझा आवाज आला की हात आपोआप हलका पडतो.

जाड तारेकडे उतरताना आणखी एक सोय आहे. जी तार छेडून बोट डी तारेवर टेकलेलंच असतं. आळीपाळीचा नियम बाजूला ठेवून त्याच बोटाने डी ओढायची, आणि तसंच पुढे ए. एका ओढीत तीन नोटा. पण या ओढीत लय पळते, तिन्ही नोटा एकमेकींवर चढतात. ती ओढ हळू लयीत, तीन समान तुकड्यांत वाजवून बसवली तरच उपयोग. बोटांच्या संख्येवर वेग ठरत नाही, हे पटवायला मी जेम्स जेमर्सनचं नाव घेतो. साठच्या दशकात मोटाऊनच्या रेकॉर्डवर ज्या धावत्या, उड्या मारणाऱ्या बेसलाईन ऐकू येतात, त्या त्याने उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवल्या. लोक त्या बोटाला 'द हूक' म्हणत.

डाव्या हाताचा धडा मला ऑर्केस्ट्रातल्या एका ज्येष्ठ गोवेकर बेसवाल्यांनी दिला. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. सगळे वादक एकाच हॉलमध्ये बसून गाणं एका दमात रेकॉर्ड करत, त्या काळात त्यांनी वाजवलेलं. आमच्या रिहर्सलला ते एकदा सहज येऊन बसले. मेडलेचा चढा भाग झाला, कीबोर्डवाला पाणी प्यायला उठला, तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"बाबा, तुझा डावा हात तारेवर राग काढतो काय?"

"नाही अंकल, नोट स्वच्छ यायला हवी म्हणून..."

"ठीक. आता ती नोट वाजव आणि दाब कमी कर. आणखी कमी. आणखी."

मी सैल करत गेलो. एका क्षणी तार फ्रेटवर खरखरली.

"आता केसभर वाढव. खरखर गेली ना? तेवढाच दाब द्यायचा. वरचा सगळा फुकट."

हा प्रयोग मी आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून करून घेतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला लागून ठेवलं की दाब आणखी कमी लागतो. मग बहुतेकांच्या लक्षात येतं, आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद लावत होतो. जास्तीच्या दाबाने नोट चांगली होत नाही, आणि बोट उचलताना आधी तो दाब उतरवावा लागतो. सगळा उशीर तिथे होतो. हात चालवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, तिथून स्नायुरज्जू मनगटाच्या बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. दाब वाढला, मनगट मुडपलं, की त्या वाटेवर घर्षण वाढतं. हाताला कळ लागते ती बोटात लागत नाही, कोपराखाली लागते, ती यामुळेच.

अंकलनी दुसरी गोष्ट शिकवली ती बोटांच्या वाटपाची. एका फ्रेटला एक बोट, हा नियम मुलं पुस्तकातून घेऊन येतात. वरच्या फ्रेटवर तो सुरेख चालतो. खाली, जिथे चार फ्रेटमध्ये 13 सेंटीमीटर आहेत, तिथे करंगळी आणि अनामिका ताणून ताणून थकतात. उभ्या बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ सिमांडल या वादक-शिक्षकाच्या नावाने ती ओळखली जाते. त्यात खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं एवढीच बोटं वापरायची आणि हाताची जागा तीन फ्रेटची धरायची. अनामिका करंगळीच्या मदतीला. तशीही अनामिका एकटी नीट उठत नाही, कारण हाताच्या पाठीवर तिचा स्नायुरज्जू शेजारच्या बोटांच्या रज्जूंशी जोडलेला असतो. मी खाली सिमांडलची पद्धत आणि पाचव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे एका फ्रेटला एक बोट, असं वाजवतो. यात हात सरकवावा जास्त लागतो, पण ताणावा लागत नाही. सरकताना अंगठा नेकला चिकटून राहिला तर हात अडतो, म्हणून अंगठाही सैल. पुन्हा सोडण्यावरच येऊन ठेपलो.

दाबाचं हे गणित कळलं की नोटेच्या शेवटाकडे लक्ष जातं. डिस्कोच्या जमान्यातली बेसलाईन घ्या. 'कुर्बानी' 1980 चा, त्यानंतर हिंदी गाण्यांत अष्टकाच्या उड्या मारणारा बेस घरोघरी पोहोचला. खाली मूळ स्वर, लगेच वर त्याचं अष्टक, खाली, वर, खाली, वर. यातली खालची नोट वरची वाजण्यापूर्वी मेली पाहिजे. ती रेंगाळली की दोन्ही एकमेकींत मिसळतात, पायाला ठेका सापडत नाही आणि वादक मात्र म्हणतो, माझी बोटं पुरत नाहीत. बोटं पुरतात. तर्जनीचा दाब ढिला होत नसतो, एवढंच. ती तारेवरून पूर्ण उचलायची नाही, नुसती सैल करायची. तारेला स्पर्श राहतो, तार मुकी होते आणि बोट पुढच्या नोटेला तयार असतं. तबलजी ज्याला निकास म्हणतात, तो बेसवर असा साधतो. स्वर स्पष्ट निघणं आणि तो वेळेवर थांबणं, दोन्ही मिळून निकास.

कोळीगीतांमध्ये अडचण वेगळी. त्यांची चाल बहुतेक वेळा तीन-तीनच्या झोक्यावर, दादऱ्याच्या अंगाने जाते. गरब्यातल्या हींचचंही तेच. तीनच्या गटात दोन बोटं आळीपाळीने चालवली की पहिल्या गटाची सुरुवात तर्जनीने होते, दुसऱ्याची मधल्या बोटाने, तिसऱ्याची परत तर्जनीने. म्हणजे जोर एकदा या बोटावर, एकदा त्या. मधलं बोट लांब, त्याचा घाव वेगळा पडतो. लय मध्यम असेपर्यंत हा फरक खपून जातो. वाढली की ठेका लंगडतो, एक गट भारी, एक हलका. यावर मी करून घेतो तो रियाज असा. एकाच तारेवर, एकाच नोटेवर, तीन-तीनचे गट हळू वाजवायचे आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या नोटेवर मुद्दाम जोर द्यायचा. डोळे मिटून बसलेल्या मित्राला कुठला गट कुठल्या बोटाने सुरू झाला ते ओळखता येऊ नये. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा घोडदौडीचा ठेका हीसुद्धा एक लांब आणि दोन आखूड अशी तीन नोटांचीच गोष्ट, आणि तो ती पिक न घेता बोटांनीच वाजवतो. मेटल ऐकून आलेल्या मुलांना मी हे सांगतो, मग कोळीगीताचा रियाज ते अधिक मनावर घेतात.

यापुढचा भाग हाताचा नाही. आमच्या तबलेवाल्याला मी कायदा बसवताना पाहिलं आहे. आधी पढंत. बोल तोंडाने स्वच्छ, एकपट, दुप्पट, चौपट म्हणून होत नाहीत तोवर हात डग्ग्याला लागत नाही. बेसलाईनलाही हाच न्याय लावावा, असं माझं मत झालं. 'दुम' म्हणजे जाड तार, 'ता' म्हणजे अष्टक, 'क' म्हणजे मुकी नोट, अशी बोलांची एक घरगुती लिपी मी मुलांबरोबर बनवली आहे. जी ओळ तोंडाने अडखळते, ती हाताने निघणार नाही, कारण अडचण बोटांत नसते, पुढची नोट कुठली हे डोक्याला उशिरा कळतं. मुंबईची मोहिनी डे ऐकताना मला हे फार जाणवतं. वडिलांकडून लहानपणीच बेस शिकलेली ही मुलगी इतक्या वेगाने वाजवते की बघणारा थक्क होतो, पण त्या वेगाच्या मुळाशी दक्षिणेतल्या कोन्नकोलसारखी बोलांची, मात्रांची पक्की मोजणी ऐकू येते.

मेट्रोनोमबद्दल सगळे एकच सल्ला देतात, हळू सुरू करा आणि चार-चारने वाढवत न्या. तो खरा आहे, पण अपुरा आहे. हळू लयीत हात जसा हलतो तसाच तो जलद लयीत हलत नाही. साठच्या लयीत बोट तारेपासून इंचभर उचललं तरी चालतं, दीडशेला चालत नाही. मग साठवर इंचभर उचलून केलेला रियाज नको ती सवयच पक्की करतो. म्हणून मी दोन्ही टोकं धरतो. हळू वाजवताना हालचाल जलद लयीतली ठेवायची, बोट तारेला जवळजवळ लागून. आणि जलद लयीत पूर्ण ओळ न वाजवता फक्त चार नोटांचा तुकडा वाजवून पाचव्या ठोक्यावर थांबायचं. थांबलं की खांदा, जबडा, मनगट तपासायचं. कुठे आवळलेलं सापडलं तर तो तुकडा मोजायचा नाही. चारचे तुकडे सैल हाताने निघू लागले की आठचे, मग पूर्ण माप. क्लिकसुद्धा कधी दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर घ्यायचा, कधी मापाला एकदाच. मधली जागा आपल्याला भरावी लागली की लय आपली होते.

शोमध्ये या सगळ्याची परीक्षा असते आणि तिथे काही अगदी व्यवहारी गोष्टी आडव्या येतात. घरी खुर्चीवर बसून रियाज करणारा मुलगा स्टेजवर उभा राहतो, पट्टा लांब सोडतो, बेस मांडीपर्यंत खाली. दिसायला भारी. पण डावं मनगट पूर्ण मुडपतं आणि घरी कमावलेला वेग दोन गाण्यांत संपतो. पट्टा असा बांधावा की बसलो काय, उभे राहिलो काय, बेस छातीपासून त्याच उंचीवर राहील. पावसाळ्यात मुंबईची हवा नेकच्या लाकडात शिरते, नेक वाकते, तारा उंच होतात. मी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पट्टीने पाहतो. जी तारेखाली दोन आणि ई तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास मला बरी वाटते. गरज पडली तर ट्रस रॉड पाव वळण फिरवून वाट पाहायची, एकदम नाही. उंच तारांवर वेगाचा रियाज करणं हे हाताला शिक्षा देणं आहे. आणि कोपराखाली कळ यायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, तर वाजवणं थांबवून डॉक्टर गाठायचा. सहन करत राहून हात तयार होतो, हा समज आमच्या धंद्यात अनेकांना महाग पडलेला मी पाहिला आहे.

दांडियाच्या शेवटच्या टप्प्यात मी आणखी एक करतो, जे विद्यार्थ्यांना सुरुवातीला फसवणूक वाटतं. लय एका मर्यादेपलीकडे गेली की ओळीतल्या नोटा कमी करतो. सोळाच्या ऐवजी आठ, तिथूनही वाढली तर ठोक्यावरचा मूळ स्वर आणि उठावाला पंचम. मघाच्या गणिताने खालच्या तारेवर तशाही नोटा ऐकू येणार नसतात. ऑक्टोपॅडवाल्याला हवा असतो तो टेकायला एक ठाम ठोका. मी सगळ्या नोटा कोंबायला गेलो तर लय पुढे पळते, तो मला धरायला आणखी पळतो आणि गायकाचा श्वास तुटतो. कार्यक्रम ठरवणाऱ्याने आजवर मला कधी विचारलेलं नाही की तुम्ही किती फास्ट वाजवता. ऑक्टोपॅडवाला मात्र नेमकं सांगतो, अमुक बेसवाल्याबरोबर चढी लय बसते आणि तमुकाबरोबर पळते, आणि पुढच्या शोचा फोन त्याच्या सांगण्यावरून जातो. नोटा केव्हा गाळायच्या हे ठरवायला डोकं मोकळं लागतं, आणि हात सैल असेल तरच ते मोकळं राहतं. म्हणून पूर्ण ओळ वाजवण्याची तयारीही हवीच.

प्रगती मोजायची कशी, असं मुलं विचारतात. मेट्रोनोमचा आकडा वहीत लिहून ठेवण्यावर माझा फारसा भरवसा नाही, आकडा वाढतो आणि वाजवणं बिघडतं असं होऊ शकतं. मी त्यांना फोनवर रेकॉर्ड करायला सांगतो, फक्त बेस आणि क्लिक. एकच ओळ आधी सोप्या लयीत, मग चढ्या लयीत. ऐकताना नोटांकडे लक्ष द्यायचं नाही, दोन नोटांमधल्या मोकळ्या जागेकडे द्यायचं. सोप्या लयीत नोट अर्धा ठोका वाजून थांबत असेल, तर चढ्या लयीतही ती अर्ध्याच ठोक्यावर थांबली पाहिजे. जागा बुजलेली असेल तर कुठलं बोट उशिरा सुटतंय ते शोधायचं आणि क्लिक खाली आणायचा. जागा जशीच्या तशी राहिली असेल, तर मेट्रोनोम चार घरं वर न्यायला माझी हरकत नाही.